व्रणांची टक्केवारी : फुप्फुसांच्या संगणकीय मापनाची चिकित्सा

शास्त्रीय तपासणीतून निघालेला आकडा आणि त्या आकड्याचा समाजात होणारा वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे खानदेशातील वाचकाला निराळे पटवून देण्याची गरज नाही. २०२० व २०२१ या दोन वर्षांत त्याचा अनुभव त्याने घरोघर घेतलेला आहे. करोनाच्या साथीत छातीचा सीटी स्कॅन काढला जाई. फुप्फुसांच्या पाच खंडांपैकी प्रत्येकास ० ते ५ असे गुण देऊन २५ पैकी एक बेरीज कागदावर लिहिली जाई. आणि आजाऱ्याची विचारपूस करणारा मनुष्य ताप किती, दम किती, हे विचारण्याआधी ‘स्कोअर किती आला?’ असे विचारी. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला या तपासणीच्या दरावर, यंत्राच्या क्षमतेप्रमाणे, २,००० ते ३,००० रुपयांची मर्यादा घालावी लागली. आणि मे २०२१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तत्कालीन संचालकांना, सौम्य लक्षणे असणाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या मागे लागू नये, असे जाहीरपणे सांगावे लागले. वास्तविक ते गुण म्हणजे क्ष-किरणतज्ज्ञाने डोळ्यांनी केलेला अदमास होता. आजाराच्या एका दिवसाचे आणि एका अंगाचे ते वर्णन होते. परंतु कागदावर उतरताच त्याला निकालाचे रूप आले, आणि घरातल्या माणसांची आशा व भीती त्या आकड्याभोवती फिरू लागली.

साथ ओसरली, आकड्याची ओढ मात्र ओसरलेली नाही. आता अदमासाची जागा संगणक घेऊ लागला आहे. फुप्फुसांत पडणारे व्रण, ज्यांना डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात आणि आपण येथे तंतुमयता म्हणू, ते किती टक्के भागावर पसरले आहेत हे स्कॅनवरून आपोआप मोजणारी साधने तयार झाली असून त्यांचे उत्तर दशांश चिन्हासह येते. दशांश चिन्हाचा अधिकार मोठा असतो. ‘सुमारे पंधरा-वीस टक्के’ असे सांगणाऱ्या तज्ज्ञाला प्रतिप्रश्न करता येतो. ‘१७·६’ असे सांगणाऱ्या यंत्राला प्रश्न करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. म्हणूनच तो येथे करावयाचा आहे. हा आकडा नेमका कशाचा असतो, कोणत्या कसोटीवर तो खरा मानला जातो, आणि जळगाव-धुळे भागातील रुग्णाच्या बाबतीत त्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, अशा तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम मापनाची रीत पाहू. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन निघाला. त्यामागील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यास अ‍ॅलन कॉरमॅक याच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाउन्सफील्डच्या नावाने चालणाऱ्या श्रेणीत पाण्याचा अंक ० आणि हवेचा −१००० असतो. निरोगी माणसाने पूर्ण श्वास घेतला म्हणजे त्याच्या फुप्फुसाचा बहुतेक भाग −८५० च्या आसपास येतो, कारण त्यात हवाच अधिक असते. जेथे व्रण पडतो तेथे हवेची जागा तंतू घेतात आणि अंक शून्याकडे सरकतो. यावरून पहिली रीत निघाली : −६०० ते −२५० या पट्ट्यात येणारे घनबिंदू मोजावेत व तेवढा भाग संशयित मानावा. ही रीत सोपी आहे, पण भोळीही आहे; कारण दाटपणा जसा व्रणाने येतो तसा तो सुजेने, साचलेल्या पाण्याने किंवा नुसत्या अपुऱ्या श्वासानेही येतो.

दुसऱ्या पिढीने दाटपणाबरोबर पोताचाही विचार केला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेले ‘कॅलिपर’ हे साधन फुप्फुसाचे लहान लहान भाग तपासून त्यांतील प्रत्येकास निरोगी, काचेसारखा धूसर, जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखा किंवा अतिविरळ अशा वर्गांत घालते. मग प्रत्येक वर्गाचे आकारमान सांगते. तज्ज्ञांनी आधी नावे देऊन ठेवलेल्या नमुन्यांवरून ते हे वर्गीकरण शिकलेले आहे. तिसऱ्या पिढीत लक्षणे सांगण्याचे कामही माणसाकडे राहिले नाही. तो केवळ उदाहरणे पुरवतो आणि त्यांतील लक्षणे संगणक स्वतः हुडकून काढतो.

या साधनांचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. एकच स्कॅन दोनदा दिला तर ती दोनदा तेच उत्तर देतात. माणसाच्या डोळ्याबद्दल असे म्हणता येत नाही. मधाच्या पोळ्यासारखी रचना आहे की नाही, या मूलभूत प्रश्नावरही दोन अनुभवी तज्ज्ञांत मतभेद होतात. शिवाय यंत्राने काही नवेही दाखवून दिले आहे. रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या रचना यांचे एकूण आकारमान मोजण्याची क्ष-किरणतज्ज्ञांत प्रथा नव्हती. कॅलिपरने ते मोजले, आणि २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या आकारमानाचा रुग्णाच्या आयुर्मर्यादेशी निकटचा संबंध आढळून आला. ज्या जिल्ह्यांतील रुग्णाला फुप्फुसविकारांतील विशेषज्ञाच्या मतासाठी स्कॅनची पिशवी घेऊन नाशिक, सुरत किंवा मुंबई गाठावी लागते, तेथे न थकणाऱ्या व न बदलणाऱ्या मापकाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप मापनाला नाही. मापनाच्या मर्यादा विसरण्याला आहे.

पहिला आक्षेप पंचाविषयीचा. कोणत्याही मापकाची कसोटी लावताना त्याच्याहून विश्वसनीय असा दुसरा पुरावा हवा. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’ या नियतकालिकात वॉल्श व सहकाऱ्यांनी याच क्षेत्रातील एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचे काम टक्केवारी काढण्याचे नसून तंतुमय विकाराचे वर्गीकरण करण्याचे होते. परंतु आपल्या मुद्द्याला तो नेमका लागू पडतो. १,१५७ स्कॅन घेऊन संगणकाला शिकवले व तपासले गेले. पैकी १५० स्कॅनच्या एका संचावर संगणकाची अचूकता ७३·३ टक्के आली, तर तोच संच पाहणाऱ्या ९१ क्ष-किरणतज्ज्ञांची मध्यक अचूकता ७०·७ टक्के होती. संगणक तज्ज्ञांच्या बरोबरीस आला, हा निष्कर्ष यथायोग्य आहे. परंतु ही अचूकता कशाच्या तुलनेने? तज्ज्ञांनीच दिलेल्या निर्णयाच्या तुलनेने. ज्या डोळ्याची चंचलता दूर करावयाची, त्याच डोळ्याची साक्ष येथे प्रमाण धरलेली आहे. शिवाय ते सर्व स्कॅन अगोदरच तंतुमय विकार असलेल्या रुग्णांचे होते, आणि दोन संस्थांतून आलेले होते. दारात उभ्या असलेल्या अपरिचित खोकल्याला तंतुमयता म्हणावे की नाही, हा जिल्हा रुग्णालयातील प्रश्न त्या प्रयोगात विचारलेलाच नव्हता.

याउलट क्षयरोगाच्या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्यूअर डॉट एआय’सारख्या संस्थांनी छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय व्यक्त करणारी साधने तयार केली, आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणीसाठी अशा प्रकारच्या साधनांची शिफारस केली. या शिफारशीला बळ कशाने आले? येथे पंच स्वतंत्र होता. यंत्राने संशय घ्यावा आणि थुंकीच्या तपासणीने तो खरा किंवा खोटा ठरवावा, अशी ही व्यवस्था आहे. जंतू सापडला की नाही, याला कोणाच्या नजरेचा आधार लागत नाही. तंतुमयतेच्या मापनात असा सोपा पंच उपलब्ध नाही. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासणे प्रत्येकास सोसत नाही. उरतात ती श्वसनक्षमतेची मोजमापे आणि काळ. म्हणून टक्केवारीची कसोटी दुसऱ्या टक्केवारीवर लावून भागणार नाही. रुग्णाचा श्वास आणि त्याची पुढील वर्षे यांच्याशी ती ताडून पाहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप मापनाच्या परिस्थितीविषयीचा. स्कॅनच्या वेळी रुग्णाने छाती भरून श्वास घ्यावा आणि काही क्षण रोखून धरावा, अशी अपेक्षा असते. अर्धाच श्वास घेतला तर फुप्फुस दाटते, अंक शून्याकडे सरकतात, आणि रोग नसलेला भाग रोगाच्या हिशेबात पडू शकतो. आता, ही आज्ञा रुग्णाला कळते काय? खानदेशातील अनेक घरांची भाषा अहिराणी आहे. रावेर-यावलकडे लेवा गणबोली चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली बोलली जाते. यंत्रातून हिंदी वा इंग्रजी ध्वनिमुद्रित आज्ञा वाजली आणि बोगद्यात आडवी झालेली घाबरी म्हातारी नुसती निपचित पडून राहिली, तर त्या दिवशीची टक्केवारी तिच्या व्रणांची असणार नाही. न समजलेल्या वाक्याची असेल. जी चूक गणिताच्या आधीच घडली आहे ती गणिताने सहजी दुरुस्त होत नाही. प्रतिमेची पुनर्रचना धारदार केली की मऊ, छेद एक मिलिमीटरचा की पाच, यंत्र कोणत्या बनावटीचे, यांनीही आकडा हलतो. एका रुग्णाचा पहिला स्कॅन धुळ्यात आणि वर्षाने दुसरा जळगावात निघाला, तर दोहोंतील फरक रोगाचा की यंत्राचा, हे ठरविण्याची सोय आधी केलेली असली पाहिजे.

याच आक्षेपाचा एक सूक्ष्म भाग छेदाविषयीचा आहे. टक्केवारी हा अपूर्णांक आहे आणि अपूर्णांकाला छेद असतो, ही शाळेतील गोष्ट येथे विसरली जाते. समजा, एका रुग्णाच्या फुप्फुसांचे आकारमान ४ लिटर असून त्यात ०·८ लिटर भाग व्रणांनी व्यापला आहे. तंतुमयता २० टक्के झाली. व्रण आक्रसतात आणि आपल्याबरोबर फुप्फुसालाही आक्रसवतात. वर्षाने आकारमान ३ लिटर झाले आणि व्रणांचा भाग ०·६ लिटर राहिला. टक्केवारी पुन्हा २० च आली. अहवालात ‘बदल नाही’ असे लिहिले जाईल. परंतु तो मनुष्य एक लिटर श्वासाला मुकलेला आहे, आणि जिन्याच्या पाचव्या पायरीवर त्याला ते कळते. म्हणून छेदाचा आकडा शेजारी दिल्यावाचून टक्केवारी सांगणे, ही केवळ अपुरी नव्हे तर दिशाभूल करणारी रीत होय.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र आकार मोजते. कारण मोजत नाही. आणि आपल्या भागात उपचार बहुतांशी कारणावर अवलंबून आहे. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात १,०८४ रुग्णांची नोंद केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अज्ञात कारणाने होणाऱ्या तंतुमयतेचे रुग्ण १३·७ टक्के होते, तर श्वासावाटे जाणाऱ्या कणांच्या अतिसंवेदनेने होणाऱ्या फुप्फुसदाहाचे रुग्ण ४७·३ टक्के भरले. आणि या दुसऱ्या गटातील निम्म्याच्या जवळपास रुग्णांचा संबंध एअर कूलरशी आढळला. उलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या ८०३ रुग्णांच्या नोंदीत हा दाह अवघा १०·७ टक्के होता, आणि सारकॉइडोसिस ४२·२ टक्के. एकाच देशातील दोन नोंदींत एवढे अंतर असेल, तर परदेशातील रुग्णांवर शिकलेले साधन येथे जसेच्या तसे लागू पडेल असे मानण्यास आधार काय?

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि खिडकीतला कूलर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. त्याच्या ओल्या गवताच्या ताट्यांत बुरशी व इतर सूक्ष्मजीव वाढतात आणि वारा ते थेट उशाशी आणून सोडतो. आता तीन रुग्ण कल्पावेत. पहिली भुसावळची गृहिणी. बारा उन्हाळे त्याच ताट्यांसमोर झोपलेली. दुसरा साक्रीचा शेतमजूर. तरुणपणी क्षय होऊन बरा झालेला. तिसरा धुळ्याचा शिक्षक. २०२१ मध्ये करोनाने गंभीर आजारी पडलेला. तिघांचे स्कॅन साधनाला दिले आणि तिघांचेही उत्तर १८ टक्के आले, असे समजू. पहिलीचा कूलर काढला नाही तर व्रण वाढत जाण्याचे भय आहे. दुसऱ्याचे व्रण बहुधा जुने व निवलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू करणे चुकीचे ठरेल. तिसऱ्यासारख्या अनेकांचे डाग काळाने विरळ झाल्याचे दिसून आले आहे. आकडा एक, अर्थ तीन. शिवाय पहिलीच्या विकाराची महत्त्वाची खूण म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसाच्या काही भागांत अडकून राहणारी हवा. त्यासाठी उच्छ्वासाच्या वेळचाही स्कॅन पाहावा, असे २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने सांगितले आहे. केवळ व्रणांची टक्केवारी सांगणारे साधन त्या खुणेकडे पाहतच नाही.

शून्याबद्दलही सावध राहिले पाहिजे. खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांची चाके थांबली असली तरी जिनिंग कारखान्यांतील धूळ थांबलेली नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा मुख्यतः श्वासनलिकांचा विकार आहे. सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती पहिल्या दिवशी आवळते, ही त्याची जुनी ओळख. अशा कामगाराच्या स्कॅनवर तंतुमयता शून्य येऊ शकते. ते शून्य खरे आहे. पण ‘फुप्फुसे निरोगी आहेत’ असा त्याचा अर्थ लावला आणि उद्या नुकसानभरपाईच्या कागदाला तो जोडला, तर खऱ्या आकड्यातून खोटा न्याय निघेल.

हा वाद केवळ ज्ञानशास्त्रीय नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इनबिल्ड’ या औषधचाचणीत निन्टेडानिब हे औषध ६६३ रुग्णांवर तपासले गेले; फुप्फुसांच्या १० टक्क्यांहून अधिक भागावर तंतुमयता असणे ही तीत प्रवेशाची एक अट होती. त्याआधी २००८ मध्ये त्वचाकाठिण्याच्या रुग्णांसाठी मर्यादित व विस्तृत रोगातील सीमा २० टक्क्यांवर आखली गेली होती. या सीमा तज्ज्ञांच्या नजरेने आखलेल्या आहेत. त्या २००८ च्या लेखकांनी तर १० ते ३० टक्क्यांचा पट्टा संदिग्ध मानून तेथे श्वसनक्षमतेच्या चाचणीचा कौल घेण्यास सांगितले होते. नजरेने आखलेल्या रेषेवर यंत्राचा दशांश ठेवणे म्हणजे वारीने मोजलेल्या कापडाचा हिशेब मीटरने करणे होय. दोन्ही मापे प्रामाणिक असली तरी त्यांच्यातील गुणोत्तर आधी ठरले पाहिजे. ते न ठरवता ९·८ टक्के आल्यामुळे कोणाला महागडे औषध नाकारले गेले, किंवा १०·४ आल्यामुळे कोणी शेत गहाण ठेवून ते सुरू केले आणि कूलर मात्र खिडकीतच राहिला, तर त्याचा दोष यंत्रावर ढकलता येणार नाही.

मग करावे काय? येथे आपल्या विभागासारख्या विभागांचे कर्तव्य सुरू होते. गणित व संगणकशास्त्र जाणणारे विद्यार्थी जळगावच्या विद्यापीठात आहेत. स्कॅन व रुग्ण हे धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, आणि ती महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्ञानाच्या या दोन कोठारांमधील भिंत पाडल्याशिवाय हे काम होणार नाही. नवे साधन घडविण्याची घाई करण्याऐवजी उपलब्ध साधनांची येथील रुग्णांवर परीक्षा घेणे, हा पदव्युत्तर प्रबंधाचा अधिक उपयुक्त विषय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुना क्षय असलेल्यांना साधन तंतुमयतेत किती वेळा ढकलते? अहिराणीत आज्ञा दिल्याने श्वासाचे आकारमान किती वाढते? एकाच आठवड्यात दोन यंत्रांवर काढलेल्या स्कॅनच्या उत्तरांत किती फरक पडतो? पैकी पुनःपुन्हा किरण द्यावे लागणारे प्रश्न माणसाऐवजी कृत्रिम नमुन्यावर सोडवावेत, आणि सर्वत्र रुग्णाची संमती व गुप्तता पाळावी, हे वेगळे सांगावयास नको. या प्रश्नांना मोठा खर्च लागत नाही, चिकाटी लागते.

तोपर्यंत अहवालाच्या नमुन्यात एक सुधारणा तरी ताबडतोब करता येण्यासारखी आहे. टक्केवारीच्या शेजारी फुप्फुसांचे एकूण आकारमान, श्वास पूर्ण घेतला होता की नाही, पुनर्रचनेची पद्धत आणि साधनाची आवृत्ती यांची नोंद असावी. आणि त्याखाली चार साधे रकाने असावेत : घरात कूलर आहे काय, कबुतरांचा सहवास आहे काय, पूर्वी क्षय झाला होता काय, व्यवसाय कोणता. या चार प्रश्नांची उत्तरे कोणताही संगणक स्कॅनवरून देऊ शकत नाही. ती रुग्णासमोर बसून विचारावी लागतात. ते रकाने कोरे असतील तोवर वरच्या टक्केवारीवरून कोणी औषध सुरू करू नये, की बंद करू नये.